हुकमीचंदच्या पेटीतला सामना

हुकमीचंद भुसारवाला गेल्या वर्षी वारला, तेव्हा नंदुरबारच्या बाजारपेठेने अर्धा दिवस दुकानं बंद ठेवली. मेलेल्या माणसाबद्दल वाईट बोलू नये म्हणतात. मी त्याच्याबद्दल तो जिवंत असतानाही वाईटच बोलत आलो, फक्त त्याच्या पाठीमागे. तोंडावर बोलायची सोय नव्हती, कारण त्याच्या दुकानात मला खुर्ची होती.

ही खुर्ची काय चीज होती, ते आधी सांगायला हवं. एकोणीसशे अडतीस साली हुकमीचंदने सुरतेहून रेडिओ आणला. आमच्या पेठेत तोवर कोणाकडे नव्हता. सागाच्या लाकडाची चांगली हातभर पेटी, समोर जाळी, खाली दोन कान, म्हणजे फिरवायची बटणं. दुकानावर वेळूचे दोन सोट उभे करून तार ताणली. दुकानात वीज नव्हती, म्हणून पेटी बॅटरीवर चाले आणि ती बॅटरी दर आठवड्याला सुपडू हमाल डोक्यावर घेऊन जिनात, म्हणजे कापसाची सरकी काढायच्या गिरणीत, भरायला नेई. पेटीसाठी हुकमीचंदने कपाट करवून घेतलं, कपाटाला पितळी कुलूप लावलं आणि किल्ली करदोड्याला बांधली. त्या दिवसापासून हा माणूस जो फुगला, तो मरेपर्यंत उतरला नाही.

तोपर्यंत त्याला कोणी फार विचारत नव्हतं. बाप मारवाडातून आलेला, कष्टाने दुकान उभं केलेला, शब्दाला पक्का. मुलाने बापाचं दुकान घेतलं, बाकी काही घेतलं नाही. याच्याकडे कोणी पाणी मागितलं तर आधी हा माणसाचे पाय बघायचा, वहाणा कसल्या आहेत ते बघायचा आणि मग पितळेच्या पेल्यात द्यायचं की ओंजळीत, ते ठरवायचा. पेटी आल्यावर हीच रीत त्याने आवाजाला लावली.

कोणी कुठे बसून ऐकायचं हे ठरलेलं होतं. गादीवर पेढीवाले. त्यांच्या मागे बाकावर कचेरीतले कारकून. बाहेर ओट्यावर किरकोळ दुकानदार, शिंपी, सोनार. आणि रस्त्यात उभे राहून बाकीचं जग. गादीवाल्यांना चहा, बाकावाल्यांना सुपारी, ओट्यावाल्यांना नुसता आवाज आणि रस्त्यावाल्यांना हुकमीचंदच्या मनात येईल तेवढा. त्याची अशी पक्की समजूत होती की ऐकणारे वाढले की बॅटरी लवकर संपते. एका विहिरीवर शंभर घागरी लागल्या तर पाणी खाली जाणारच, असं तो म्हणे. मी त्याला एकदा समजावून सांगायला गेलो, तर तो म्हणाला, मास्तर, बॅटरी मी भरतो की तुम्ही? समोरच्या कापडवाल्या रतिलालशी त्याचं गटारावरून भांडण होतं. रतिलाल आपल्या दुकानाच्या दारात येऊन उभा राहिला की हा लगेच कान पिळून आवाज इतका बारीक करी, की गादीवरचे शेठजीसुद्धा माना पुढे काढून बसत. रतिलालला एक अक्षर मिळू नये म्हणून गावाने उपाशी राहायचं, असा हा हिशेब.

आणि सगळ्यात गंमत म्हणजे पेटीत काय बोलतात ते हुकमीचंदला कळत नव्हतं. हिंदी बातम्या कळायच्या. क्रिकेटच्या सामन्याचं वर्णन इंग्रजीत असे आणि पेठेला त्याचंच वेड लागलेलं. म्हणून मला खुर्ची. मी शाळेत इंग्रजी शिकवणारा मास्तर. पेटीला चिकटून बसायचं आणि दर दोन मिनिटांनी वळून सांगायचं, आता काय झालं ते. मी गादीकडे तोंड करून सांगे, गादी बाकाला सांगे, बाक ओट्याला. रस्त्यापर्यंत पोचेस्तोवर बाद झालेला गडी शतक मारून बसलेला असे. हुकमीचंद मध्येच डोळे मिटून मान डोलवी, जणू हे त्याला आधीच ठाऊक होतं. नंतर सगळे गेले की हळूच मला विचारी, मास्तर, जिंकलं कोण?

एकेचाळीसच्या जानेवारीत मुंबईला विद्यापीठांचा अंतिम सामना होता. कॉलेजच्या पोरांचा खेळ; पण त्या वर्षी आमच्या पेठेला दुसरं काही सुचत नव्हतं, कारण मुंबई विद्यापीठाच्या संघात पुण्याच्या कॉलेजात शिकणारा एक गोलंदाज होता आणि तो आमच्या गावचा होता. फुलसिंग.

म्हणजे, गावचा असं तेव्हा म्हणायला लागले. त्याआधी तो कालीबाईचा पोरगा होता. कालीबाई मूळची धानोऱ्यापलीकडच्या पाड्यावरची. नवरा आमशा जंगलतोडीच्या कामावर झाड अंगावर पडून मेला, तेव्हापासून ती गावाच्या कडेला झोपडीत राहून मोळ्या विकत होती. पोराला तिने शाळेत आणून माझ्यासमोर उभं केलं. मी पटावर ‘फुलसिंग’ एवढंच लिहिलं. आडनाव विचारायची तसदी घेतली नाही, म्हणून तो पुढे धुळ्यात आणि पुण्यातही नुसता फुलसिंगच राहिला. शिष्यवृत्तीवर शिकला, चेंडू वेगाने टाकायला लागला, संघात गेला. दोन वर्षं तो घरी आला नव्हता. पत्र येई, ते मी कालीबाईला वाचून दाखवी, आणि ती कागद परत घेऊन दोन्ही बाजूंनी बघे.

सामना चार दिवसांचा. पहिल्या दिवशी मी खुर्चीवरून अगदी ऐटीत सांगितलं की हा माझा विद्यार्थी. हुकमीचंदने सांगितलं की हा आमच्या घरी मोळी आणणाऱ्या बाईचा मुलगा, म्हणजे तसा आमच्याच घरचा. त्या वेळी ती बाई रस्त्यात उभी होती. डोक्यावर चुंबळ, मोळी खाली टाकलेली. त्या दिवशी रतिलाल दारात होता, म्हणून आवाज बारीक. तिला काही ऐकू गेलं नाही. बैठक उठल्यावर मी बाहेर आलो तर तिने विचारलं, “मास्तर, मन्हा फुल्यानं नाव उनं का?”

मी म्हणालो, आलं, दहा वेळा आलं. तिला तेवढ्याने समाधान झालं नाही. तिला ते नाव स्वतःच्या कानाने ऐकायचं होतं. तिने हे मला उभ्या उभ्या समजावलं. पत्र मी वाचतो, म्हणजे पत्रात काय आहे ते मी म्हणेन ते. पोरगा जिवंत आहे, चांगला आहे, हे तिला दोन वर्षं माझ्याच तोंडून कळत होतं. आता मुंबईचा कोणी परका माणूस, ज्याला तिचं तोंडही ठाऊक नाही, तो पेटीतून तिच्या पोराचं नाव घेणार होता. तो कशाला खोटं बोलेल?

दुसऱ्या दिवशी मुंबईचीच फलंदाजी होती, फुलसिंगचं काही काम नव्हतं. तिसऱ्या दिवशी त्याने दोन गडी घेतले ते नेमके ती रेल्वेच्या बाजूला मोळी टाकायला गेली तेव्हा. म्हणून चौथ्या दिवशी तिने मोळीच आणली नाही. दुपारपासून रस्त्यात येऊन उभी राहिली. सामना त्या दिवशी संपणार होता आणि त्यानंतर तिच्या पोराचं नाव पेटी पुन्हा कधी घेईल, घेईल की नाही, कोणी सांगावं.

साडेचारच्या सुमाराला उत्तरेकडच्या संघाला जिंकायला एकतीस धावा हव्या होत्या आणि त्यांचे दोनच गडी उरले होते. पेठेत कोणी गिऱ्हाईक करत नव्हतं. गर्दी रतिलालच्या पायरीपर्यंत, आणि तिच्या मागे उभ्या कालीबाईला अजून एक अक्षर ऐकू गेलं नव्हतं. पुढचं षटक फुलसिंगच टाकणार, एवढं मी सांगितलं आणि ओट्यावरचा एक शिंपी म्हणाला, अरे, त्याची आई मागे उभी आहे, तिला पुढे येऊ द्या. लोकांनी वाट केली. कालीबाई रस्त्यातून ओट्याशी आली, ओट्याच्या पायरीवर चढली. गादीवर नेमीचंद शेठ होते, म्हातारे, धर्माचे जाणकार, हुकमीचंदच्याच समाजातले. ते म्हणाले, बाईला आत दाराशी बसवा, तिचा हक्क आहे.

हुकमीचंदने पेटीचा कान पिळला. आवाज गेला. त्याने कपाटाला कुलूप घातलं आणि उठला.

“मन्हं सामायिक बाकी शे,” तो म्हणाला.

ज्यांना ठाऊक नाही त्यांच्यासाठी सांगतो. जैन माणूस रोज दोन घडी, म्हणजे अठ्ठेचाळीस मिनिटं, सगळा संसार बाजूला ठेवून बसतो. शिवलेले कपडे उतरवून, नुसतं धोतर आणि उपरणं घेऊन, तोंडाला मुहपत्ती बांधून आसनावर बसायचं. कोणाशी बोलायचं नाही, कसला व्यवहार नाही, फालतू गप्पा कानावर येऊ द्यायच्या नाहीत. समोर रेतीची घडी. फार चांगली गोष्ट आहे. नेमीचंद शेठ पहाटे बसत तेव्हा रस्त्यावरून जाणारा माणूससुद्धा पाय हलके टाकी. धर्माला मी बोल लावत नाही. हुकमीचंदने चातुर्मासात महाराजांपुढे रोज एका सामायिकाचा नेम घेतला होता आणि रोज तो सकाळी उरकून टाकी. त्या दिवशी सकाळी जिनातून बॅटरी यायला उशीर झाला, म्हणून राहिलं होतं. हे खरं. पण सूर्यास्ताला अजून दीड तास होता, हेही खरं. अर्ध्या तासाने बसला असता तर नेम मोडत नव्हता. कालीबाई पायरीवर चढली नसती तर त्याला नेम आठवलाही नसता.

नेमीचंद म्हणाले, पेटी चालू ठेवून आतल्या खोलीत बस. तो म्हणाला, आवाज आत येतो, विकथा, म्हणजे संसाराच्या गप्पा, कानावर पडली तर दोष लागेल. नेमीचंद म्हणाले, मग मास्तरांना किल्ली दे, बारीक आवाजात लावतील. तो म्हणाला, माझ्या पेटीला माझ्याशिवाय कोणाचा हात नाही. हे बोलून त्याने कोट, बंडी आणि करदोड्याची किल्ली काढून गादीच्या टोकाला ठेवली, कारण सामायिकात अंगावर धातूचा व्यवहार नको, आणि आतल्या खोलीत जाऊन घडी उलटी केली. इतका धर्मात्मा!

आम्ही बसलो. बसलो म्हणजे खरोखरच बसून राहिलो. तीसेक माणसं गादीवर, बाकावर, ओट्यावर आणि शंभरेक रस्त्यात. कोणी निघेना आणि कोणी काही करेना. मुंबईला चेंडू पडत होते. कालीबाईने मला विचारलं, पेटी का बंद झाली? मी सांगितलं, शेठ पूजेला बसलेत, अठ्ठेचाळीस मिनिटं लागतील. तोवर खेळ राहील का, असं तिने विचारलं. मी म्हणालो, बहुधा नाही. ती चुंबळ मांडीवर घेऊन पायरीवर बसली. देवाचं काम म्हटल्यावर ती काय बोलणार? हुकमीचंदला हेच हवं होतं. नाही म्हणायचं आणि वर लोकांनी हात जोडायचे.

नेमीचंद शेठ स्वतःशीच पुटपुटले की सामायिक म्हणजे समता, सगळ्या जीवांना सारखं लेखणं. मला हसू आलं. त्या दुकानात आवाजसुद्धा सारखा मिळत नव्हता.

वीसेक मिनिटं गेली असतील. आतल्या दाराचा पडदा बाजूला करून इचरजबाई बाहेर आली. हुकमीचंदची बायको. ही बाई पुरुषांच्या बैठकीत कधी येत नसे. धर्म खरा पाळणारी. कालीबाईच्या मोळीतलं प्रत्येक लाकूड जमिनीवर आपटून, मऊ पूंजणीने झाडून, आत मुंगी नाही ना हे बघून मगच चुलीत घाली. कालीबाई तिच्यासाठी म्हणून आधीच झाडलेली लाकडं आणी. एवढीच त्या दोघींची ओळख, पण ती बारा वर्षांची. पेटी घरात आली तेव्हापासून इचरजबाईने तिला बोट लावलं नव्हतं. बॅटरीत अग्नीचे जीव असतात, कान पिळला की ते मरतात, असं तिला महासतीजींनी, म्हणजे जैन साध्वींनी, सांगितलं होतं आणि ती ते अक्षरशः मानत होती. नवरा बातम्या ऐकायला लागला की ती परसात जाऊन बसे.

तिने डोक्यावरचा पदर नाकापर्यंत ओढला होता. गादीजवळ आली, किल्ली उचलली आणि कपाटाशी जाऊन कुलूप काढलं. मग माझ्याकडे न बघता म्हणाली, “मास्तर, कोनता कान पिळना पडस?”

मी म्हणालो, इचरजबाई, राहू द्या, शेठ रागावतील.

“तुम्हीन नुसतं बोट दखाडा,” ती म्हणाली. “पाप मन्हं शे.”

मी उजव्या कानाकडे बोट दाखवलं. तिने डोळे मिटले, ओठ हलले, आणि कान पिळला. पेटीच्या आतल्या दिव्यांसारख्या काचा तापायला अर्धं मिनिट लागलं. मग खरखर आली, माणसाचा आवाज आला. तिने तोच कान आणखी पिळला. पेटीचा एवढा आवाज मी त्याआधी कधी ऐकला नव्हता. रतिलालच्या दुकानापर्यंत गेला. आत हुकमीचंद खोकायला लागला. त्याला बोलता येत नव्हतं, उठता येत नव्हतं, म्हणून तो खोकत होता, एकदा बारीक, एकदा दाबून, एकदा धमकीचा. नेमीचंद म्हणाले, याचं सामायिक खोकल्यात चाललंय.

शेवटची जोडी खेळत होती. पाच धावा हव्या होत्या. आणि मग त्या परक्या माणसाने, इंग्रजीत, स्वच्छ म्हटलं: फुलसिंग. पुन्हा म्हटलं. फुलसिंग धावत येतोय. फुलसिंगचा चेंडू. कालीबाई पायरीवरून उठून कधी उंबऱ्याशी आली, मला कळलं नाही. बाकीचं तिच्या दृष्टीने नुसतं खळखळणारं पाणी होतं. नाव आलं की तिची मान वर होई. चेंडू हवेत उडाला, झेल सुटला. पुढच्या चेंडूवर चौकार. मग एक धाव, आणि संपलं. मुंबई हरली.

लोक उठले. मघाशी गावचा असलेला पोरगा लगेच कालीबाईचा झाला. झेल त्याने सोडला नव्हता, तरी एक जण म्हणाला, शेवटी मोळीवालीचाच. पेटीतला माणूस मात्र अजून बोलत होता, आणि कालीबाईने मला विचारलं, तो काय म्हणतोय? मी ऐकून सांगितलं. तो म्हणत होता, की जेवणानंतर या एका मुलाने न थांबता गोलंदाजी केली आणि तो थकला नाही.

“तो थकत नही,” कालीबाई म्हणाली, आणि पदराने तोंड पुसलं.

घडीतली रेती संपली. हुकमीचंदने आत पाठ पुरा केला, आसन गुंडाळलं आणि बाहेर आला. कोणाकडे न बघता त्याने कपाटात हात घालून पेटी चाचपली, आईने तापलेल्या पोराचं कपाळ बघावं तशी. मग त्याने विचारलं, कोणी हात लावला? इचरजबाई पडद्याआडून म्हणाली की मी लावला, उद्यापासून तेला करते. तेला म्हणजे सलग तीन दिवसांचा उपास, फक्त उकळलेलं पाणी. हुकमीचंदने सुपडूला हाक मारली आणि कालीबाई अजून उभी असतानाच, तिच्या देखत, पायरीवर पाणी मारायला सांगितलं.

इचरजबाईने तीन दिवस उपास केला. हुकमीचंदने पेठेत सांगितलं की आमच्या घरात तप चाललंय. लोक दर्शनाला आले, तर हा दारात उभा राहून नमस्कार घेत होता. पुढे लढाई संपली, पेठेत पाच-सहा पेट्या आल्या, रतिलालने तर मोठी आणली आणि रस्त्याकडे तोंड करून ठेवली. हुकमीचंद मग आपली पेटी सकाळ-संध्याकाळ पूर्ण आवाजात लावून बसे. ओटा रिकामा. रस्त्यातून जाणाऱ्याला हाक मारून म्हणे, या, बातम्या लागल्यात. कोणी जात नसे. मला दया यायला हवी होती, पण आली नाही.

त्याच्याबद्दल एवढंच. आता माझं सांगायचं राहिलं.

सामन्याच्या दुसऱ्या दिवशी सकाळी कालीबाई माझ्याकडे मोळी घेऊन आली. मी अंगणात दात घासत होतो. मी हुकमीचंदला मनसोक्त शिव्या दिल्या. ढोंगी म्हटलं, कद्रू म्हटलं, नेमाच्या आड लपणारा म्हटलं. तिने मोळी उतरवली, ऐकून घेतलं. मग तिने विचारलं. टोमणा नव्हता, तिला खरंच माहीत करून घ्यायचं होतं. किल्ली तिने पायरीवरून वीस मिनिटं बघितली होती, माझ्या खुर्चीपासून हातभर अंतरावर.

“मास्तर, तुमले ते कसाना नेम नव्हता ना?”

मी म्हणालो, नव्हता.